तीन नंबरच्या खुर्चीची चिठ्ठी

५ जानेवारी, सोमवार
वजन येताना ६१.४, जाताना ५९. पाणी: पाच पेले.

डॉक्टरांचा हुकूम आहे की वजन आणि पाणी रोज लिहायचं. सव्वीस वर्षं लोकांच्या घरातले विजेचे मीटर वाचून आकडे टिपले, आता स्वतःचे टिपतो आहे. पेला दीडशे मिलीचा. बायको सकाळी पाच पेले मोजून एका बाटलीत भरते आणि बाटली फडताळावर ठेवते. चहा, गोळ्या, घसा ओला करणं, सगळं त्यातच भागवायचं. आकडे लिहून पान बरंच रिकामं राहतं, म्हणून बाकीचंही लिहायचं ठरवलं आहे.

आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, सकाळी सात ते अकरा. मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी यंत्र काढून घेतं, म्हणून वजन दोनदा. खोलीत तीन खुर्च्या. एकीवर बसचे निवृत्त ड्रायव्हर, दोनवर मी, तीनवर मास्तरीणबाई. बाईंनी तीस वर्षं गणित शिकवलं, आणि अजूनही समोरच्याकडे त्याचं उत्तर चुकलं असल्यासारखं बघतात. मला त्या 'मीटरवाले' म्हणतात.

भिंतीवर टीव्ही आहे. कालपासून एक नवी मालिका सुरू झाली, 'मागचं दार'. रविवारी संध्याकाळी लागते आणि सोमवारी सकाळी नऊला पुन्हा दाखवतात. एका कारखानदाराचा त्याच्याच घरामागच्या ऑफिसात खून झाला आहे. तिघांनी ठराव केला, की रविवारी घरी कुणीही बघायची नाही. सोमवारी एकत्र बघायची आणि बुधवार-शुक्रवार वाद घालायचा. सिस्टर म्हणाल्या, "वाद घाला, पण हात हलवू नका."

धाकट्या भावाच्या तपासण्या या आठवड्यात सुरू होतील. बायकोला मधुमेह आहे, तिची किडनी मला चालणार नाही असं कळलं तेव्हा हाच उठून म्हणाला होता, "माझी घे दादा. एकीवर भागतंय तर दोन कशाला हव्यात." डॉक्टरसुद्धा हसले होते.

९ जानेवारी, शुक्रवार
वजन ६०.९, ५९. पाणी: पाच पेले आणि एक चोरटा घोट.

भावाचा रक्तगट जुळला. दुसरी तपासणीही छान आली म्हणे. संध्याकाळी फोनवर त्याने विचारलं, "दादा, मी रविवारी बघतो ती मालिका. परवाचा भाग बघून काय झालं ते सांगू का?" मी म्हटलं, सांगितलंस तर किडनी परत करीन. तो हसला, पण जरा उशिरा हसला. लाइनमध्ये काहीतरी घोळ असेल.

खोलीत दोन तट पडले आहेत. ड्रायव्हर म्हणतात खुनी पुतण्या, कारण तो गाडी वाईट चालवतो. त्यांच्या मते वाईट गाडी चालवणारा माणूस काहीही करू शकतो. माझा संशय कारखानदाराच्या भागीदारावर. पण त्याची बाजू भक्कम आहे, खुनाच्या वेळी तो डायलिसिसवर होता. आपल्याच जातीचा माणूस निघाला म्हणून आम्हाला थोडं वाईट वाटलं. बाई काहीच बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

१९ जानेवारी, सोमवार
वजन ६१.८, ५९.२. पाणी: पाच.

आज आम्ही खुनी पकडला.

भागीदार हॉस्पिटलात पडला आहे, डाव्या हाताला पट्टी. आम्हा तिघांच्या डाव्या हातात ऑपरेशन करून एक शीर जाड केलेली आहे, तिच्यातूनच सुया जातात. वर बोट ठेवलं की ती थरथरते. त्या हातावर घड्याळ घालायचं नाही, पिशवी अडकवायची नाही, आणि बीपी तर कधीच घ्यायचं नाही. पट्टा आवळला की शीर बंद पडते. पहिल्या दिवसापासून हे आमच्या डोक्यात ठोकून बसवलेलं असतं. आणि मालिकेतल्या नर्सने काय केलं, त्याच हातावर पट्टा गुंडाळून खुशाल बीपी घेतलं. तो शांत पडून राहिला.

ड्रायव्हर ओरडले, "अहो, हा हात!" तेवढ्यात त्या माणसाने संत्र्याचा रस मागवला आणि मोठा ग्लास एका दमात संपवला. संत्र्याचा. त्यातलं पोटॅशियम आमच्या हृदयावर येतं, आम्ही संत्रं नुसतं लांबून बघतो. मी म्हटलं, हा पेशंटच नाही, खोटं सोंग आहे. खुनाच्या वेळी हा डायलिसिसवर नव्हताच.

सिस्टर हातातलं काम टाकून टीव्हीसमोर आल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे, कुठली शहाणी नर्स असं करील. घरोघरी लाखो लोकांनी हा भाग पाहिला असेल, पण हे फक्त आम्हाला दिसलं. या आजाराचा काही उपयोग झाला असं पहिल्यांदाच वाटलं. आज सुया काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला तरी मी कुरकुर केली नाही.

बाई हसल्या. "शाब्बास मीटरवाले," म्हणाल्या.

२८ जानेवारी, बुधवार
वजन ६१.१, ५९.१. पाणी: पाच.

दुपारी हॉस्पिटलात भावाची मुलाखत होती. किडनी देणाऱ्या एकट्याशीच एक समुपदेशक बाई बोलतात, तसा त्यांचा नियम आहे. मी आणि बायको बाहेर बाकावर. वीस मिनिटांचं काम म्हणाले होते, तासभर दार बंद. बाहेर आला तेव्हा भावाचे डोळे लाल होते. रंगकाम करतो तो, डोळ्यांत काही ना काही जातच असतं.

म्हणाला, "शुगर जरा जास्त आली दादा. महिन्याने परत बघू म्हणतात." मी म्हटलं, एवढंच ना, चार गोड घास कमी खा. त्याने माझी पिशवी घेतली, रिक्षात बसवेपर्यंत हातातून सोडली नाही.

प्रतीक्षा यादीत माझा नंबर तीनशे अकरा आहे. गेल्या वर्षी तीनशे वीस होता. भाऊ आहे म्हणून मी त्या आकड्याकडे बघत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार
वजन ६०.८, ५९. पाणी: पाच.

मी शुगरचं सांगितल्यावर बाईंनी आज स्वतःचं सांगितलं. त्यांचा भाचा किडनी देणार होता. सगळं जुळलं आणि ऐनवेळी हॉस्पिटलचं पत्र आलं, 'वैद्यकीय कारणामुळे दाता योग्य नाही.' तीन वर्षांनी बहिणीने सांगून टाकलं की भाचा घाबरला होता. देणाऱ्याने एकट्यात नको म्हटलं तर हॉस्पिटल त्याचं नाव घेत नाही, वैद्यकीय कारण लिहून देतं. घरात भांडणं नकोत म्हणून.

"राग नाही आला?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"आला की. पण तीन वर्षं तो दर रविवारी माझ्याकडे जेवायला येत होता. बहिणीने सांगितल्यावर यायचा बंद झाला."

वाईट वाटलं. असेही लोक असतात. आमच्याकडे तसलं काही नाही म्हणून बरं.

११ फेब्रुवारी, बुधवार
वजन ६२, ५९.६. पाणी: सहा. कबूल.

पत्र आलं. दाता वैद्यकीय कारणामुळे योग्य नाही. चार ओळी आणि खाली शिक्का.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "मूतखडा निघाला दादा. उजव्या बाजूला." आवाज इतका पडलेला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. म्हटलं, तुझा काय दोष, औषध घे, पाणी पी. म्हणाला, "रोज तीन लिटर प्यायला सांगितलंय." मी म्हटलं, नशीब काढलंस, मला पाच पेले आणि तुला तीन लिटर. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने फोन ठेवला.

बायको भाजी ढवळत होती. तिचा हात थांबला. "शुगर होती ना?" तिने विचारलं.

"शुगरही असेल आणि खडाही असेल. माणसाला दोन गोष्टी होत नाहीत का?"

"भावजींची फाईल एकदा बघायला मिळाली असती तर."

मी चिडलो. घरात पोलीस झालीस का म्हणालो. ती पळी ठेवून बाहेर गेली. भाजी मात्र करपली.

मला काय वाटतं ते लिहायला बसलो होतो. भीती वाटते. आणखी किती वर्षं त्या खुर्चीत, ते कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
वजन ६१.३, ५९.३. पाणी: पाच.

खुर्चीवर सांगावं लागलं. ड्रायव्हर 'अरेरे' म्हणाले आणि बराच वेळ आपल्या सुयांकडे बघत राहिले. बाईंनी एवढंच विचारलं, "काय कारण दिलं?" मूतखडा म्हटलं. "हं," म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं नाही, उत्तर चुकल्यासारखं. छताकडे बघितलं.

मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनीच टूम काढली. प्रत्येकाने खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून सिस्टरांच्या कापसाच्या डब्यात टाकायचं. शेवटचा भाग झाला की उघडायच्या. ड्रायव्हरांनी आणि मी उघडच सांगून टाकलं, भागीदार. बाईंनी हाताचा आडोसा करून लिहिलं. पाच-सहा ओळी लिहिल्या. नाव लिहायला एवढं काय लागतं?

१५ फेब्रुवारी, रविवार
पाणी: पाच. उकाडा सुरू झाला, जीभ टाळ्याला चिकटते.

भाऊ सकाळीच डबे, ब्रश आणि शिडी घेऊन दारात हजर. "पुढच्या खोलीचा रंग गेलाय," म्हणाला. कुणी बोलावलं नव्हतं. एका बैठकीत दोन भिंती रंगवून काढल्या. पैशाचं बोललो तर शिडीवरूनच म्हणाला, "लाजवू नकोस दादा."

चार तास होता. शर्ट घामाने भिजला होता. बायकोने दोनदा पाणी विचारलं, दोन्ही वेळा "नको वहिनी, तहान नाही." अर्धा कप चहा घेतला, तोही संपवला नाही. मूतखड्याच्या माणसाने असं करू नये. कोण किती पाणी पितं यावर हल्ली माझं फार लक्ष असतं. दुसऱ्याच्या घशाचा आवाजसुद्धा ऐकू येतो मला. माझ्यासमोर प्यायला त्याला बरं वाटत नसेल. लहानपणापासून मनाने हळवाच आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार
वजन ६१.५, ५९.२. पाणी: पाच.

तीन नंबरच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ होते. मी सिस्टरांकडे बघितलं. त्या नळ्या लावता लावता म्हणाल्या, "शनिवारी. झोपेतच."

टीव्ही लावू का म्हणून सिस्टरांनी विचारलं, तर ड्रायव्हरांनी आणि मी मान हलवली, लावा म्हणून. शेवटून दुसरा भाग होता. इन्स्पेक्टर बाईने भागीदाराला चौकशीला बोलावलं. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. नवीन गृहस्थांनी मध्येच विचारलं, हा मेलेला माणूस कोण? त्यांना सगळं पहिल्यापासून कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं. सांगताना तिसऱ्या भागाशी थांबलो, मग ड्रायव्हरांनी पुढचं सांगितलं.

२ मार्च, सोमवार
वजन ६१.९, ५९.४. पाणी: पाच.

शेवटचा भाग. भागीदार निर्दोष सुटला. खून कारखानदाराच्या बहिणीने केला. तीच ती, प्रत्येक भागात सगळ्यांना चहा आणून देणारी, आम्ही एकदाही जिची चर्चा केली नाही ती.

"आणि हाताचं काय?" ड्रायव्हर म्हणाले. "बीपीचं? संत्र्याच्या रसाचं?"

त्याचं काहीच नाही. त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. तो खरोखरचा पेशंट होता. ज्यांनी मालिका काढली त्यांना कुठल्या हातावर बीपी घेतात हेच ठाऊक नव्हतं. सहा आठवडे आम्ही त्यांच्या अडाणीपणाला पुरावा समजत होतो. नवीन गृहस्थ हसले. त्यांचं चुकलं नाही, पण मला ते आवडले नाहीत.

४ मार्च, बुधवार
वजन ६१.२, ५९.२. पाणी: पाच.

सिस्टरांनी डबा आणला. दोन चिठ्ठ्यांवर भागीदार. तिसरी त्यांनी वाचायला घेतली आणि मध्येच माझ्या हातात दिली. इथे उतरवून ठेवतो.

'बहीण. खुनाच्या वेळी कुठे होती हे तिने दुसऱ्या भागात सांगितलं शिंप्याकडे, चौथ्या भागात सांगितलं बँकेत. खरं बोलणाऱ्याला एकच उत्तर पाठ करावं लागत नाही, खोटं बोलणारा विसरतो. हाताचं काही खरं नाही. मालिकावाल्यांना माहीत नसणार. पण तुम्ही दोघं त्या दिवशी इतके खुशीत होतात की मला मोडवेना.'

ड्रायव्हरांनी चष्मा काढून पुसला. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

रिक्षात बसल्यावर मला ते दिसलं. शिंपी आणि बँक. शुगर आणि खडा.

६ मार्च, शुक्रवार
वजन ६२.६, ५९.८. पाणी मोजलं नाही. सिस्टर रागावल्या.

इथे एकदाच लिहितो. त्याला खडा नाही. शुगर नाही. त्याला द्यायची नाही.

बंद दारामागचा एक तास. लाल डोळे. न विचारता रंगवलेल्या भिंती. तीन लिटरवाला माणूस चार तास घामाघूम होऊन घोटभर पाणी पीत नाही. सगळं मी माझ्याच हाताने या वहीत लिहून ठेवलं आहे, तारखांसकट. बायकोने एका प्रश्नात ओळखलं. बाईंनी तर माझं वाक्य संपायच्या आत ओळखलं होतं. मीटरमध्ये कुणी वीजचोरीची तार घातली की मी उंबऱ्यावरून ओळखायचो, आणि घरातलं मला दिसलं नाही. की बघायचं नव्हतं, तेही आता सांगता येत नाही.

फार राग आला आहे. एकीवर भागतंय म्हणणारा तोच. सायकल शिकवताना मी त्याच्यामागे किती धावलो, ते आठवून आठवून राग येतो. म्हणजे काय, धावल्याची किडनी मागतो आहे मी? तसंही नाही. पण मला जगायचं आहे. त्याला शिडीवर चढायचं असतं, दोन मुली लहान आहेत, हे सगळं मला समजतं, आणि तरीही मला जगायचं आहे. निदान तोंडावर नाही म्हणायचं होतं.

रविवारी तो उरलेल्या भिंती रंगवायला येणार आहे. त्या इन्स्पेक्टर बाईसारखं समोर बसवून विचारणार. शुगर की खडा? कुठल्या डॉक्टरने सांगितलं? फाईल कुठे आहे? बायकोला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "विचारा. पण मग पुढच्या रविवारी काय?"

८ मार्च, रविवार
सकाळी दहाला आला. दोन भिंती केल्या, दार घासलं. मी खुर्चीत बसून प्रश्न जुळवत होतो. बाईंची चिठ्ठी खिशात होती. दीडच्या सुमाराला तो शिडीवरून उतरला, हात पुसले, आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला. ओठ सुकून पांढरे पडले होते. महिन्याभरात वाळला आहे. हे मी आधी बघितलं नव्हतं. मी फक्त माझंच वजन लिहितो.

"दादा," तो म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय."

मला त्याच्याकडून हेच हवं होतं. त्याने स्वतःहून सांगावं. पुसलेले हात तो परत पुसत होता, परीक्षेचा निकाल घेऊन घरी यायचा तेव्हा पुसायचा तसे. आणि मला एकदम लख्ख कळलं की हे वाक्य पुरं झालं तर बाईंच्या भाच्यासारखा तोही या घरात परत येणार नाही. मी कितीही माफ केलं तरी त्याला माझ्यासमोर बसणं जमणार नाही. किडनी तर गेलीच आहे. भाऊसुद्धा घालवून बसेन.

मी उठलो. फडताळावरची माझी बाटली घेतली. चार पेले झाले होते, तळाशी शेवटचा राहिला होता. तो पेल्यात ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

"आधी पाणी पी. खडा आहे ना तुला? सकाळपासून घोटभर घेतलं नाहीस."

त्याने बाटलीकडे बघितलं. ती कुणाची आहे ते त्याला माहीत होतं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं कळलं आहे हे त्याला कळलं.

"दादा, तुझं आहे ते."

"पी म्हटलं ना. खड्याला पाणीच औषध."

दोन्ही हातांनी पेला धरून तो प्यायला. घशाचा आवाज मला ऐकू येत होता, आज त्याचा त्रास झाला नाही. संपल्यावर पेला तसाच तोंडाशी धरून बराच वेळ रडला. त्याच्या शर्टाच्या पाठीला ओला रंग लागला होता, तेवढा मी फडक्याने पुसून काढला.

मग तो म्हणाला, "पुढच्या रविवारी स्वयंपाकघर रंगवून काढतो."

बायको दारात उभी होती. तिने रिकामा पेला नेला, धुतला आणि फडताळावर उपडा घातला. बाटली पुन्हा भरली नाही, आणि मीही मागितलं नाही. आता संध्याकाळ झाली आहे. घसा जळतो आहे, खोलीत नव्या रंगाचा वास भरला आहे.

पाणी: चार पेले. पाचवा भावाला.